पेप्टाइडवर पीएचडी सुरू करताय? आधी कुपीत नेमकं काय आहे ते पक्कं करा

बंधन-स्थिरांक असो, हेलिक्सची टक्केवारी असो, की जिवाणू मारायला लागणारी किमान मात्रा असो. पेप्टाइडवर, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळीवर, काम करणारा जीवरसायनशास्त्रज्ञ जे आकडे छापतो, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात पेप्टाइडची संहती (द्रावणातलं प्रमाण) दडलेली असते. ती चुकली की पुढचं सगळं चुकतं आणि आलेख मात्र देखणाच दिसतो. म्हणून पहिल्या वर्षात एक पेप्टाइड स्वतःच्या हाताने बनवा, शुद्ध करा आणि मोजा. पुढे सगळी पेप्टाइडं विकत घेणार असाल तरीही. ज्याने एकदा ही वाट तुडवली आहे, त्यालाच विकत आलेल्या कुपीसोबतच्या कागदावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, ते कळतं.

पहिलं पेप्टाइड लहान घ्या. ल्यू-एन्केफॅलिन या कामाला उत्तम: टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फिनाइलअ‍ॅलनिन, ल्युसिन. पाचच अवशेष (साखळीत जोडलेली अमिनो आम्लं), कटकटी साइड-चेन (अमिनो आम्लाच्या बाजूच्या शाखा) नाहीत, आणि टायरोसिन असल्यामुळे शेवटी २८० नॅनोमीटरला मोजता येतं.

रेझिनवरची साखळी

१९६३ साली मेरीफील्ड यांनी दाखवलेली कल्पना आजही तीच आहे: साखळीचं एक टोक अविद्राव्य मण्याला बांधायचं, अभिक्रियाकारक भरपूर वापरायचे आणि उरलेलं सगळं नुसतं धुऊन टाकायचं. तेव्हा ती साखळी चार अवशेषांची होती. आता बहुतेक ठिकाणी अमिनो टोकाला एफमॉक गट, म्हणजे तात्पुरतं कवच, लावतात. तो सौम्य आम्लारीने निघतो आणि साइड-चेनवरची कवचं जागेवर राहतात.

मण्यांसाठी रिंक अमाइड रेझिन घ्या. त्यावरून पेप्टाइड अमाइड टोकासह सुटतं. आम्लाचं टोक हवं असेल तर वँग किंवा क्लोरोट्रिटिल रेझिन लागतं. ०.१ मिलीमोलच्या बॅचला, लोडिंग (रेझिनवरच्या जोडणीच्या जागा) ०.५ मिलीमोल प्रति ग्रॅम असेल तर, २०० मिलीग्रॅम रेझिन पुरतं. लेबलवरच्या लोडिंगवर विसंबू नका. ५ मिलीग्रॅम रेझिन १ मिलीलिटर २० टक्के पिपेरिडिनमध्ये (एफमॉक काढणारा आम्लारी, डीएमएफ या विद्रावकात) १५ मिनिटं ठेवा, डीएमएफने २५ मिलीलिटरपर्यंत न्या आणि ३०१ नॅनोमीटरला शोषण घ्या. शून्यासाठी तेवढंच पिपेरिडिन घातलेलं डीएमएफ वापरा. सुटलेल्या एफमॉकपासून बनणाऱ्या संयुगाचा मोलर शोषणांक ७८००. शोषण ०.७८ आलं तर द्रावण ०.१ मिलीमोलर, म्हणजे २.५ मायक्रोमोल, म्हणजे लोडिंग ०.५.

रेझिन डीएमएफमध्ये अर्धा तास फुगू द्या. मणी नीट फुगले नाहीत तर अभिक्रिया फक्त पृष्ठभागावर होते आणि आतल्या जागा रिकाम्या राहतात. मग २० टक्के पिपेरिडिन, आधी ५ आणि नंतर १५ मिनिटं. रिंक अमाइड रेझिनवरही सुरुवातीला एफमॉक असतो. पहिल्याच दिवशी तो काढायला विसरणं ही नवख्यांची हमखास चूक. नंतर डीएमएफने सहा वेळा धुवा. पिपेरिडिन थोडं जरी उरलं तरी ते पुढच्या अमिनो आम्लाला खातं.

जोडणी कार्बॉक्सिल टोकाकडून सुरू होते, म्हणजे पहिलं ल्युसिन. प्रत्येक अमिनो आम्ल पाचपट, ०.५ मिलीमोल घ्या: एफमॉक-ल्युसिन १७७ मिलीग्रॅम, फिनाइलअ‍ॅलनिन १९४, ग्लायसिन १४९ (दोनदा), टर्ट-ब्युटिल कवच असलेलं टायरोसिन २३०. दर वेळी एचबीटीयू (अमिनो आम्ल सक्रिय करणारं) १८२ मिलीग्रॅम, डीआयपीईए (आम्लारी) १७४ मायक्रोलिटर, डीएमएफ २ मिलीलिटर. एचबीटीयू मुद्दाम अमिनो आम्लापेक्षा किंचित कमी, ०.४८ मिलीमोल धरलंय. ते जास्त झालं तर थेट वाढत्या साखळीच्या अमिनो टोकाला चिकटतं, साखळी तिथेच बंद पडते आणि वस्तुमानात ९८ ची भर दिसते. मिश्रण एक-दोन मिनिटं बाहेर सक्रिय होऊ द्या, मग रेझिनवर ओता आणि ४५ मिनिटं ते तासभर हलवत ठेवा. एचबीटीयू, एचएटीयू यांची काहींना तीव्र अ‍ॅलर्जी होते, तेव्हा ते फ्यूम हूडमध्येच तोला आणि हातमोजे वारंवार बदला.

जोडणी झाली की नाही, ते कायझर चाचणी सांगते. दहा-पंधरा मणी, चाचणीच्या तिन्ही द्रावणांचे दोन-तीन थेंब, सुमारे ११० अंशांवर पाच मिनिटं. मणी निळे झाले तर मोकळं अमाइन शिल्लक आहे, जोडणी पुन्हा करा. मणी रंगहीन आणि द्रव पिवळा, तर पुढे चला. प्रोलिन टोकाशी असेल तर निळा रंग येतच नाही, तिथे क्लोरॅनिल चाचणी वापरा. या द्रावणांपैकी एकात पोटॅशियम सायनाइड असतं, त्यामुळे त्याचा टाकाऊ भाग वेगळ्या बाटलीत साठवा आणि आम्लाजवळ नेऊ नका.

डीएमएफचा वासही पाहा. जुन्या डीएमएफमधून मासळीसारखा वास आला तर त्यात डायमिथिलअमाइन तयार झालंय. ते जोडणी चालू असतानाच एफमॉक काढतं आणि एकाऐवजी दोन ग्लायसिन जोडली जातात. असं डीएमएफ टाकून द्यावं, त्याला वाचवण्यात अर्थ नाही.

एवढी काटेकोरी पाच अवशेषांना जास्त वाटेल, पण तीस अवशेषांच्या पेप्टाइडात २९ बंध असतात. प्रत्येक बंध ९९ टक्के झाला तर पूर्ण साखळ्या सुमारे ७५ टक्के मिळतात, ९७ ला ४१ टक्के आणि ९५ ला जेमतेम २३. शिवाय पाच-सहा अवशेषांनंतर काही साखळ्या मण्याच्या आतच एकमेकींना चिकटतात. मणी आकसतात आणि एफमॉक निघायला वेळ लागतो. तिथे लोडिंग ०.२ वर आणा, पीईजी-आधारित (पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं) रेझिन घ्या, सेरिन किंवा थ्रिओनिनच्या जागी साखळी वाकवणारं स्यूडोप्रोलिन डायपेप्टाइड घाला. तापवून जोडणीचा वेग वाढतो, पण हिस्टिडिन आणि सिस्टिन उष्णतेत आपली डावी-उजवी घडण हरवतात, म्हणून त्या दोघांना कमी तापमानावरच जोडा.

रेझिनवरून सोडवणं

शेवटचा एफमॉक काढल्यावर रेझिन डायक्लोरोमिथेनने धुऊन पूर्ण कोरडं करा. उरलेलं डीएमएफ आम्लाची धार बोथट करतं. मग ५ मिलीलिटर मिश्रण: ९५ टक्के टीएफए (ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल), अडीच टक्के पाणी, अडीच टक्के ट्रायआयसोप्रोपिलसिलेन, दोन ते तीन तास. निसटलेले कार्बोकॅटायन ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन, सिस्टिनवर जाऊन बसू नयेत म्हणून हा सिलेन. सिस्टिन असेल तर इथेनडायथायॉलही लागतं. आर्जिनिनवरचं पीबीएफ कवच हट्टी असतं, दोन-तीन आर्जिनिन असतील तर चार तास द्या.

गाळून नायट्रोजनच्या झोतात बराचसा टीएफए उडवा आणि दहापट थंड डायइथिल इथरमध्ये ओता. पांढरा साका बसला की सेंट्रिफ्यूज करा, इथरने दोनदा धुवा, पाणी-अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून गोठवून वाळवा. एन्केफॅलिनसारखं लहान, तेलकट स्वभावाचं पेप्टाइड काही अंशी इथरमध्येच राहू शकतं. वस्तुमानाचा निकाल हाती येईपर्यंत इथर टाकू नका. या बॅचची कमाल निपज ५५ मिलीग्रॅम, शुद्ध केल्यावर त्याच्या निम्मंही मिळालं तरी पुरेसं.

वस्तुमान काय सांगतं आणि काय लपवतं

अमाइड टोकाच्या ल्यू-एन्केफॅलिनचा एक प्रोटॉन घेतलेला आयन ५५५.२९ ला यायला हवा. ४९८.२७ दिसलं तर एक ग्लायसिन सुटलंय. ६११.३५ दिसलं तर टायरोसिनवरचं टर्ट-ब्युटिल निघालेलंच नाही, आणखी तासभर टीएफएमध्ये ठेवा. ५५६.२८ दिसलं तर साखळी आम्लाच्या टोकाची आहे, बहुधा रेझिनची बाटलीच चुकली.

काही फरक पाठच असावेत. उणे १८ आणि साखळीत अ‍ॅस्पार्टिक-ग्लायसिन अशी जोडी असेल, तर अ‍ॅस्पार्टिमाइड वलय बनलंय. त्यावर पिपेरिडिन येऊन बसलं की अधिक ६७. उपाय म्हणजे पिपेरिडिनमध्ये ०.१ मोलर एचओबीटी घालणं किंवा त्या ग्लायसिनच्या नायट्रोजनवर कवच असलेलं रूप वापरणं. उणे १७ आणि टोकाला ग्लुटामिन, तर पायरोग्लुटामेट. अधिक १६ म्हणजे बहुतेकदा मेथिओनिनचं ऑक्सिडीकरण. अधिक ४४ आणि ट्रिप्टोफॅन असेल तर बॉक या साइड-चेनवरच्या कवचाचा उरलेला तुकडा, तो सौम्य आम्लाच्या पाण्यात काही तासांत आपोआप निघतो. अधिक २५२ म्हणजे पीबीएफ, अधिक २४२ म्हणजे ट्रिटिल.

पण वस्तुमान बरोबर आलं म्हणून पेप्टाइड बरोबर असं नाही. दोन अवशेषांची अदलाबदल झाली, ल्युसिनऐवजी आयसोल्युसिन गेलं, एखादा अवशेष उलट घडणीचा झाला, तरी वजन तेच. पहिल्यासाठी तुकडे करणारी वस्तुमानमिती लागते, दुसरी चूक नोंदवहीतल्या बाटलीच्या बॅच-नंबरवरून किंवा अमिनो आम्ल विश्लेषणातून सापडते, आणि तिसरी कधी कधी एचपीएलसीवर (कॉलममधून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) मुख्य पीकच्या खांद्यासारखी दिसते.

शुद्धीकरण

सी-१८ कॉलम, एका बाजूला ०.१ टक्का टीएफए असलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला तितकाच टीएफए असलेलं अ‍ॅसिटोनायट्राइल. तपासणीसाठी अ‍ॅसिटोनायट्राइल ५ ते ६५ टक्के, ३० मिनिटांत, मिनिटाला १ मिलीलिटर. शोषण २१४ किंवा २२० ला पाहा, कारण तिथे पेप्टाइड-बंधच दिसतो. फक्त २८० ला पाहिलं तर टायरोसिन-ट्रिप्टोफॅन नसलेली अशुद्धी नजरेआड होते आणि शुद्धता उगाच फुगते. मोठ्या कॉलमवर शुद्ध करताना चढ मिनिटाला अर्धा ते एक टक्का ठेवा. फ्रॅक्शन एकत्र करण्याआधी प्रत्येकाचा वेगळा रन घ्या. ९९ टक्क्यांच्या दोन नळ्यांत ८० टक्क्यांची तिसरी ओतण्याचा मोह महागात पडतो.

९५ टक्के शुद्ध म्हणजे ५ टक्के दुसरं काहीतरी. तुमचं पेप्टाइड उच्च मायक्रोमोलरला क्षीण परिणाम दाखवत असेल, तर तो परिणाम त्या ५ टक्क्यांतल्या एखाद्या शंभरपट जहाल घटकाचाही असू शकतो. अशा वेळी दुसरी बॅच नव्याने बनवा. दोन्हींचा परिणाम सारखा आला तरच शोधनिबंधाचा विचार करा.

वजन आणि खरी संहती

इथेच सर्वांत जास्त घसरण होते. गोठवून वाळवलेली पांढरी पूड म्हणजे निव्वळ पेप्टाइड नव्हे. त्यात टीएफएचे क्षार आणि पाणी असतं. रेणुभार २००० चं, चार लायसिन आणि मोकळं अमिनो टोक असलेलं पेप्टाइड धरा. पाच धनभारांवर पाच ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेट, प्रत्येकी ११४, म्हणजे ५७० ची भर. पाणी मोजायच्या आधीच पेप्टाइड ७८ टक्क्यांवर येतं. एचपीएलसीची ९८ टक्के शुद्धता यातलं काहीच सांगत नाही, कारण पाणी आणि टीएफए त्या आलेखात येतच नाहीत.

समजा या पेप्टाइडात एक ट्रिप्टोफॅन आहे. १ मिलीग्रॅम पूड १ मिलीलिटर बफरमध्ये विरघळवली. वजनावरून ०.५ मिलीमोलर वाटतं. पाचपट विरल करून २८० ला शोषण ०.४० आलं, म्हणजे मूळ द्रावणाचं २.०. ट्रिप्टोफॅनचा मोलर शोषणांक ५५००, त्याने भागलं की ०.३६४ मिलीमोलर. पुडीत पेप्टाइड ७३ टक्केच होतं. वजनावर भरवसा ठेवून हेच द्रावण समतापी उष्णतामापीच्या (बंधनाची उष्णता मोजणाऱ्या यंत्राच्या) सिरिंजमध्ये भरलं असतं, तर एकास एक बंधनाचा गुणोत्तरांक १.३७ दिसला असता, आणि त्यावर एखादी सुंदर पण खोटी यंत्रणा रचली गेली असती.

टायरोसिनचा अंक १४९०, डायसल्फाइडचा १२५. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन दोन्ही नसतील तर २०५ नॅनोमीटरला, मिलीग्रॅम प्रति मिलीलिटरला सुमारे ३१ धरून अंदाज घ्या, पण बफरमधले काही घटक तिथे आडवे येतात. पक्कं उत्तर अमिनो आम्ल विश्लेषणातून मिळतं: ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ११० अंश, २४ तास. त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं आणि ग्लुटामिन-अ‍ॅस्परॅजिन आपापल्या आम्लांत बदलतात, म्हणून मोजणी अ‍ॅलनिन, ल्युसिन अशा टिकाऊ अवशेषांवर करा. साखळीची आखणीच हातात असेल तर टोकाला एक टायरोसिन जोडून ठेवावं. नंतरचे कित्येक आठवडे वाचतात.

पेशींवर किंवा अवरक्त वर्णपटासाठी वापरायचं असेल तर टीएफए घालवावाच लागतो. पेशींना तो सोसत नाही, आणि १६७३ प्रति सेंटीमीटरच्या आसपासची त्याची पट्टी नेमकी पेप्टाइड-बंधाच्या अमाइड-१ पट्टीच्या जागेवर बसते. १० मिलीमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून गोठवून वाळवायचं, असं तीनदा. त्यानंतर संहती पुन्हा मोजायची, जुना आकडा चालत नाही.

पूड उणे २० अंशांवर, कोरड्या डबीत. कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर ओल आत शिरते आणि पुढचं प्रत्येक वजन खोटं ठरतं. द्रावणाचे छोटे भाग करून गोठवा. मेथिओनिन किंवा मोकळं सिस्टिन असेल तर डीएमएसओ टाळा. प्रत्येक कुपीवर क्रम, दोन्ही टोकं, क्षाराचा प्रकार, बॅच, शुद्धता कोणत्या तरंगलांबीला मोजली ते, संहती कशी ठरवली ते आणि तारीख लिहा. पेन्सिलीने लिहा, कारण मार्करची शाई अ‍ॅसिटोनायट्राइलच्या एका थेंबात पुसली जाते.