रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयस्नायूतील प्रथिनांचे ऑक्सिडीकरण कसे मोजावे

हृदयाचा रक्तपुरवठा थांबला की मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट हे चयापचयातील द्रव्य साचते, आणि ऑक्सिजन परत येताच ते झपाट्याने वापरले जाऊन सुपरऑक्साइड या क्रियाशील ऑक्सिजन-रूपाचा लोंढा सुटतो. पुढे लोहाच्या सान्निध्यात तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक प्रथिनांतील लायसिन, आर्जिनिन, प्रोलिन या अमिनो आम्लांवर कार्बोनिल (C=O) गट निर्माण करतात. सिस्टीनवरचे काही बदल पेशी उलटवू शकते, कार्बोनिल सहसा उलटवता येत नाही. म्हणून तोच मोजावा. विदर्भातील तालुक्याच्या महाविद्यालयातही हे जमते.

बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानात सकाळीच जाऊन बोकडाचे ‘दिल’ मागावे. ‘काळीज’ म्हटल्यास यकृत हाती पडते. वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना पिशवीतून आणलेल्या हृदयात उन्हानेच इतके बदल होतात की मोजणीला अर्थ उरत नाही, तेव्हा ईडीटीए (लोहासारखे धातू बांधून ठेवणारे रसायन) घातलेल्या थंड सलाइनचा डबा बर्फात ठेवून सोबत न्यावा आणि पाणी गुलाबी दिसेनासे होईपर्यंत हृदय धुवावे. राहिलेल्या रक्तातील लोह ऑक्सिडीकरण वाढवते, हिमोग्लोबिनचा रंगही वाचनात मिसळतो.

स्नायूचे पातळ काप करून तीन भाग करावेत. पहिला बर्फावर ठेवावा. उरलेले दोन, उकळून बंद बाटलीत थंड केलेल्या ग्लुकोजविरहित फॉस्फेट बफरमध्ये, हवेचा बुडबुडा न ठेवता, 37 अंशांवर 45 मिनिटे ठेवावेत. त्यांपैकी एकाला नंतर अर्धा तास ग्लुकोज आणि ऑक्सिजन द्यावा. कत्तलीनंतर रक्तपुरवठा आधीच थांबलेला असतो, त्यामुळे पहिल्या भागातही कार्बोनिल सापडणारच. तुलना तिघांत करावी. लाईन जाण्याचा भरवसा नसल्याने नमुने फ्रिजवर सोडू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नायट्रोजन असतो. थोडा मिळाल्यास काप त्यात गोठवावेत.

वाटलेल्या स्नायूच्या निवळीतील प्रथिनांवर, 2 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेल्या 10 मिलिमोलर डीएनपीएचची (डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिन, कार्बोनिलला जोडले जाणारे पिवळे रसायन) क्रिया अंधारात तासभर होऊ द्यावी. जोडीच्या कोऱ्या नळीत नुसते आम्ल घालावे. कोरडे डीएनपीएच स्फोटक असते, त्याची बाटली ओलसरच ठेवावी. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने साका पाडून तो इथेनॉल व इथिल अॅसिटेटच्या समभाग मिश्रणाने तीनदा धुवावा (घाई इथेच नडते, कारण सुटा राहिलेला पिवळा रंग कार्बोनिल म्हणून मोजला जातो) आणि 6 मोलर ग्वानिडिनमध्ये विरघळवावा.

370 नॅनोमीटरवरील प्रकाशशोषणाच्या वाचनातून कोऱ्या नळीचे वाचन वजा करून 22,000 ने (मोलर शोषण गुणांकाने) भागावे, म्हणजे मोलर प्रमाण मिळते. फरक 0.088 असल्यास मिलिलिटरमागे 4 नॅनोमोल, आणि त्यात 2 मिलिग्रॅम प्रथिन असल्यास मिलिग्रॅममागे 2 नॅनोमोल कार्बोनिल होते. धुण्यात प्रथिन वाहून जाते, म्हणून त्याचे मोजमाप धुतल्यानंतरच, कोऱ्या नळीतून करावे.