बांबूवर बांबू घासून विस्तव कसा पाडायचा

लाकूड घासून विस्तव पाडायला ताकद लागते, असं माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला वाटतं. खरं तर ताकदीचं काम मिनिटभराचंच असतं. कोरडा बांबू निवडणं आणि खाच नीट पाडणं, यातच खरी मेहनत आहे.

माझे बाबा वनखात्यात होते. कुरखेड्याला असताना त्यांनी मला हे शिकवलं. आता मी नागपुरात आठवीला विज्ञान शिकवते आणि दर एप्रिलमध्ये हिंगण्याजवळच्या एका शेतावर मुलांकडून करवून घेते.

आधी बांबू. विदर्भात सगळीकडे दिसतो तो मानवेल. काठीला, शिडीला उत्तम, पण आतून बराचसा भरीव, म्हणून इथे कामाचा नाही. कटांग घ्या, जाड आणि पोकळ. मनगटाहून थोडा जाड, हातभर लांब तुकडा पुरे, मधे गाठ नको. बुरडाकडे जुना, पिवळा पडलेला मागा. कुठेही हिरवट झाक दिसली तर परत करा. दगडावर आपटून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. पावसाळ्यात सुकलेला बांबूही हवेतली ओल धरतो. एका ऑगस्टमध्ये मी सलग पाच दिवस घासत बसले, धूर आला, निखारा एकदाही धरला नाही. तोच बांबू मे महिन्यात पहिल्याच फेरीत पेटला.

तुकडा कोयत्याने उभा चिरा. चाकू उभा धरून एका फाकेची वरची साल खरवडत राहा. कापसासारखा भुसा निघेल, तो लिंबाएवढा जमवा. मग याच फाकेची एक कड तासून धारेला आणा, ही झाली करवत.

दुसऱ्या फाकेच्या पाठीवर, मधोमध, आडवी खाच पाडा. सगळा खेळ या खाचेत आहे. थोडं थोडं कापत जा आणि फाक उलटून बघत राहा. आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी चीर उघडली की थांबा. चीर मोठी झाली तर घासून पडणारी गरम भुकटी विखरून थंड होते. उघडलीच नाही तर भुकटी खाली उतरत नाही. मुलं इथे घाई करतात, म्हणून मी दोन फाका जादा ठेवते.

भुसा जमिनीवर ठेवा आणि चीर बरोबर त्याच्यावर येईल अशी फाक पालथी घाला. एकाने दोन्ही टोकं पायाने दाबायची. दुसऱ्याने खाचेत करवतीची धार ठेवून मागेपुढे घासायचं. सुरुवातीला सावकाश, लांब हात मारा. भुकटी आधी तपकिरी पडते. ती काळी पडू लागली आणि धूर आला की जोर आणि वेग दोन्ही वाढवा. थांबल्यावरही भुशातून धूर येत राहिला, तर निखारा धरला.

लगेच फुंकू नका, भुकटी अजून सुटी असते. दहा-पंधरा सेकंद तिला एकत्र धरू द्या. मग भुसा अलगद उचलून नारळाच्या पिंजलेल्या शेंडीत गुंडाळा आणि लांब, हलकी फुंकर घाला. यज्ञात अरणीमंथन करतात तिथेही हेच घडतं. शमीवर वाढलेल्या पिंपळाचं लाकूड दोरीने घुसळतात, आणि विस्तव धरतो तो घासून पडलेल्या भुकटीत.

हे सगळं उघड्या मातीवर, शेजारी पाण्याची बादली ठेवूनच करा. गोरेवाडा किंवा पेंचच्या जंगलात अजिबात नको. उन्हाळ्यात सागाचा पाचोळा एका ठिणगीने पेटतो, मोहफुलं वेचायला लावलेल्या आगीतून वणवे लागतात, आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात परवानगीशिवाय विस्तव करणं गुन्हा आहे. निघताना राखेवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. तळहात वर धरून धग लागली, तर अजून एक बादली.