पगार गेला, फॉर्मवर मात्र जुनाच: अमेरिकी कॉलेजच्या एड ऑफिसकडे अपील

2026-27 च्या फॅफ्सावर, म्हणजे अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागण्याच्या फॉर्मवर, उत्पन्न येतं ते 2024 च्या टॅक्स रिटर्नमधून. मधल्या काळात ले-ऑफ झाला, घटस्फोट झाला किंवा आई-वडिलांपैकी कोणी गेलं, तरी फॉर्मला त्याचा पत्ता नसतो. अशा वेळी आकड्यांचा फेरविचार करण्याचा अधिकार कायद्यानं कॉलेजच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदत ठरवणाऱ्या कार्यालयाला, दिला आहे. त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. ‘आम्ही अशी अपीलं घेतच नाही’ असं सरसकट धोरण कॉलेजला ठेवता येत नाही.

फॅफ्सावरचे 2024 चे आकडे मात्र स्वतःहून बदलू नका. व्हेरिफिकेशनसाठी (फॉर्मवरच्या माहितीची कागदांवरून पडताळणी) निवड झाली असेल तर ते आधी पूर्ण करा, तोवर अपील पुढे सरकत नाही.

नोकरी जाणं, पगारकपात, विम्यानं न भरलेला मोठा वैद्यकीय खर्च, एकदाच मिळालेली आणि पुन्हा न येणारी रक्कम ही कारणं चालतात. एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असणं 2024-25 पासून मदत ठरवण्याच्या सूत्रातून गेलं, म्हणूनच ते अपिलात जरूर लिहा. क्रेडिट कार्डचं कर्ज, घराचा हप्ता, लग्नाचा खर्च यांना सहसा किंमत नसते. भारतात आईवडिलांना दरमहा पाठवलेले पैसे हा आपल्या घरांतला हमखास मुद्दा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. कुटुंबसंख्येत तुमच्याबरोबर राहणारी आणि अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही उचलता अशीच माणसं धरतात.

खरं काम आहे ते हिशेबाचं. समजा 2024 मध्ये एकाचा पगार 1,40,000 डॉलर आणि दुसऱ्याचा 50,000 होता, आणि मार्च 2026 अखेर पहिली नोकरी गेली. मग 2026 चा अंदाज असा मांडा: तीन महिन्यांचा पगार 35,000, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ती रक्कम) 20,000, बेकारी भत्ता 13,000, जोडीदाराचे 52,000. एकूण 1,20,000, म्हणजे फॉर्मपेक्षा 70,000 कमी. सेव्हरन्स आणि भत्ता लपवू नका. शेवटच्या पे-स्टबवर (पगारपावतीवर) सेव्हरन्स बहुधा दिसतो, आणि एकदा विश्वास उडाला की बाकीच्या आकड्यांकडेही संशयानं पाहिलं जातं. कॅलेंडर वर्ष धरायचं की पुढचे 12 महिने, हे ऑफिसला आधी विचारून घ्या.

प्रत्येक आकड्यामागे कागद हवा: नोकरी संपल्याच्या तारखेचं कंपनीचं पत्र, शेवटची पे-स्टब, बेकारी भत्त्याचं पत्र, सही केलेलं रिटर्न, डब्ल्यू-2 (कंपनीनं दिलेला वर्षभराच्या पगाराचा फॉर्म). वैद्यकीय खर्चाला नुसतं बिल पुरत नाही; विमा कंपनीनं किती दिले आणि तुम्ही प्रत्यक्ष किती भरले, हे दिसायला हवं. ‘नोकरी जाईल असं वाटतंय’ एवढ्यावर केलेलं अपील बहुधा परत येतं.

पत्र एका पानाचं पुरे: काय घडलं, कधी, जुना आकडा, नवा आकडा, सोबतचे कागद. मुलाचं किती नाव निघतं, किती बक्षिसं मिळाली, हे इथे नको. तो मेरिट स्कॉलरशिपचा विषय. कागद कॉलेजच्या पोर्टलवरच चढवा आणि प्रत्येक पानावर विद्यार्थ्याचं नाव व आयडी घाला. पाठपुरावा विद्यार्थ्यानं स्वतःच्या कॉलेज ईमेलवरून करावा. त्याच्या लेखी संमतीशिवाय पालकांशी बोलायला ऑफिस बहुधा नकार देतं. निर्णय 1 मेपर्यंत येणार नसेल, तर प्रवेश पक्का करण्याची मुदत वाढवून मागा, तीही लेखी.

स्टुडंट एड इंडेक्स (फॅफ्सावरून निघणारा आकडा; तो जितका कमी तितकी गरज जास्त) खाली आला तरी पैसे वाढतीलच असं नाही. पेल ग्रँटच्या (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची, परत न करायची सरकारी मदत) मर्यादेपेक्षा तो वरच राहिला, तर कधी कधी फक्त सबसिडाइज्ड कर्ज (शिकत असताना ज्याचं व्याज सरकार भरतं) पदरात पडतं, आणि पहिल्या वर्षी त्याची कमाल मर्यादा 3,500 डॉलर आहे. म्हणून कॉलेजच्या स्वतःच्या ग्रँटचाही फेरविचार करा, असं पत्रात स्पष्ट मागा. एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना फेडरल मदत मिळत नाही, त्यांना फक्त हाच मार्ग. निर्णयाविरुद्ध शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. तो त्या एकाच कॉलेजपुरता आणि त्या एकाच वर्षापुरता असतो.