नागपूरच्या उन्हाळ्यापूर्वी जुन्या गाडीची कूलिंग यंत्रणा आणि बॅटरी घरच्या घरी कशी सांभाळावी

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की वर्धा रोडच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसू लागतात. इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली सील, जाणे हा जुन्या गाडीचा फार महागडा बिघाड असला, तरी तो बहुतेक वेळा टाळता येण्याजोगा असतो. म्हणून घरी दुरुस्ती शिकू पाहणाऱ्याने सुरुवात ऑइल बदलण्यापासून न करता कूलिंगपासून करावी, असे माझे मत आहे. हे काम मार्चमध्येच उरकावे, कारण एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर अंगणात पाना हातात धरवत नाही.

माझी स्वतःची एमएच-३१ पाटीची गाडी पंधराव्या वर्षाकडे झुकली असताना वारंवार तापू लागली, तेव्हा एका गॅरेजने रेडिएटर, म्हणजे इंजिनातले गरम पाणी थंड करणारी जाळी, बदलण्याचा सल्ला दिला होता. प्रत्यक्षात दोष रेडिएटरच्या झाकणाच्या झिजलेल्या रबरात होता. हे झाकण यंत्रणेत दाब टिकवून ठेवते आणि दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो. सुमारे ०.९ बारचे झाकण नीट बसत असेल, तर साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल झाले की ही सारी सवलत जाते. त्यामुळे रेडिएटरला हात लावण्यापूर्वी झाकण तपासावे आणि रबर कडक झालेले किंवा चिरलेले असल्यास त्यावर छापलेल्या दाबाचेच नवे झाकण घ्यावे.

साहित्य फारसे लागत नाही. रिंग पान्यांचा संच, पेचकस, पक्कड, रुंद टब, नरसाळे, हातमोजे, डिस्टिल्ड वॉटर, साधा मल्टिमीटर आणि गाडीसोबत मिळालेले माहितीपुस्तक एवढे पुरते. पुस्तकात कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रकार आणि मात्रा दिलेली असते. लहान गाड्यांत ती साधारण साडेतीन ते पाच लिटर असते. कूलंटच्या रंगावर विसंबू नये, कारण रंग कंपनीगणिक बदलतो आणि हिरवे दिसणारे दोन कूलंट एकमेकांत चालतीलच असे नाही.

गाडी सपाट जागी उभी करून रात्रभर थंड होऊ द्यावी आणि पहाटे कामाला लागावे. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाब सुटताच उकळते पाणी थेट तोंडावर उडते. झाकण काढल्यावर आतील द्रव नीट पाहावा. तो गंजासारखा तांबूस असेल तर यंत्रणा धुवावी लागेल. मात्र त्यावर तेलकट किंवा सायीसारखा थर दिसला, तर हेड गॅस्केटची शंका घेऊन गाडी मिस्त्रीकडेच न्यावी.

त्यानंतर रेडिएटरच्या तळाची पाणी सोडण्याची चावी उघडून, आणि ती नसल्यास खालचा होज (रबरी पाइप) काढून, जुना द्रव टबात घ्यावा. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असल्यामुळे मुले, कुत्री आणि मांजरे टबापासून दूर ठेवावीत आणि तो द्रव नालीत ओतू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, विल्हेवाटीची सोय असलेल्या गॅरेजला तो द्यावा.

आता चावी बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरावे, हीटर सर्वांत गरम स्थितीवर ठेवावा, फॅन सुरू होईपर्यंत इंजिन चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पाणी पुन्हा काढावे. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे दोन-तीनदा करावे लागते. बोअरचे पाणी वापरण्याचा मोह आवरावा. घरच्या कूलरच्या जाळीवर दर उन्हाळ्यात पांढरा थर कसा चढतो, ते आपण पाहतोच. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला, तर घासून काढण्याची सोय नसते.

यंत्रणा रिकामी असतानाच होज पाइप दाबून पाहावेत. फुगलेला, लिबलिबीत झालेला किंवा दाबल्यावर चिरा दाखवणारा पाइप त्याला आवळणाऱ्या क्लॅम्पसकट बदलावा. रेडिएटरच्या पत्र्यांत अडकलेली धूळ आणि किडे साध्या नळाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवावेत. जोराच्या फवाऱ्याने पत्रे दुमडतात.

शेवटी तयार कूलंट, किंवा निम्मे डिस्टिल्ड वॉटर मिसळलेले घट्ट (पाणी न मिसळता विकले जाणारे) कूलंट, अगदी हळू ओतावे. झाकण उघडे आणि हीटर पूर्ण गरम ठेवून इंजिन चालू करावे व वरचा होज अधूनमधून दाबावा, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. नवशिक्यांची गफलत बहुधा येथेच होते, कारण हवा राहिली की नवे कूलंट असूनही गाडी तापते. पातळी खाली गेली की भर घालावी, बुडबुडे थांबल्यावर झाकण लावावे आणि बाजूची कूलंटची टाकी दोन खुणांच्या मध्ये भरावी. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते आणि दाबाचे झाकण टाकीवर असते. तेथे हवा काढण्याची रीत पुस्तकातून पाहावी. फॅन तपासण्यासाठी एसी लावावा. बहुतेक गाड्यांत तो लगेच फिरू लागतो. बोटे मात्र दूर ठेवावीत.

बॅटरीचे काम त्या मानाने सोपे आहे. बॅटरी मरते ती थंडीत, असा समज असला तरी आपल्याकडे तिचे आयुष्य उन्हाळाच खातो, कारण उष्णतेने आतील पाणी उडते आणि पट्ट्या लवकर गंजतात. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरने १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यावा, १२.२ च्या खाली गेल्यास बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक आहे. टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरा असल्यास आधी ऋण आणि मग धन टोक सोडावे, खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून घासावे, कोरडे करून व्हॅसलीन लावावे आणि जोडताना धन टोक आधी जोडावे.

ब्रेक, एअरबॅग, टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस आणि सीएनजीची जोडणी यांत घरी हात घालू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये.

काम संपल्यावर घराजवळच अर्धा तास फेरी मारावी आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे. काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम स्थितीवर चालू करावा. मे महिन्यात ही शिक्षाच वाटते, पण इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर पडते. तेवढ्यात सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी आणि काटा उतरत नसल्यास इंजिन बंद करावे. सारे ठीक असेल, तर रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवावा आणि सकाळी त्यावर ओला डाग पडला आहे का, ते पाहावे. डाग ज्या जागेच्या खाली असेल, तेथील क्लॅम्प आवळावा.