कॅथलिक घरातल्या मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम : कथा कशी लिहावी

आधी चर्चची शिकवण नीट वाचा. बऱ्याच कथा इथेच फसतात. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद 2357 ते 2359 याच विषयावर आहेत. नुसतं आकर्षण पाप नाही, शरीरसंबंध पाप आहे. आणि अशा व्यक्तींना आदराने वागवा, असंही तिथेच लिहिलंय. नायिकेची कोंडी नेमकी इथे होते.

कन्फेशनचा, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करण्याचा, प्रसंग त्यावर उभा करा. पापक्षमेसाठी पश्चात्ताप लागतो, पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो. तिला पश्चात्तापच होत नसेल तर? ती गुडघे टेकून खोटं बोलल्याचं, आईवर चिडल्याचं सांगेल आणि मुख्य गोष्ट गिळेल. गंभीर पाप मुद्दाम लपवलं की कन्फेशन फुकट, हे तिला लहानपणापासून पाठ आहे. मग रविवारी नागपुरातल्या सदरच्या कॅथेड्रलमध्ये कम्युनियनसाठी, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, अख्खा बाक उठतो. गंभीर पापाची क्षमा झाल्याशिवाय ती घेता येत नाही, म्हणून ती बसून राहते. शेजारी बसलेली तिची आई मान वळवत नाही, पण आईला कळतं. इथे घाई करू नका.

फादरने कन्फेशनमधलं घरी सांगितलं, असं सहज लिहू नका. त्याची शिक्षा फादरला चर्चमधून बहिष्कृती, ही आहे. जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

प्रेमाला स्वतःची जागा द्या. सेमिनरी हिल्सवरून स्कूटीने फुटाळ्याकडे उतरताना दोघी हसू देत, भांडू देत. सगळी पानं अपराधभावानेच भरली तर ती प्रेमकथा उरत नाही.

काळ ठरवून घ्या: 2018 नंतर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 ची भीती नाही, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतरही समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता नाही. आणि शेवटी तिला श्रद्धा सोडायला लावलीच पाहिजे असं नाही. रोझरी, म्हणजे तिची जपमाळ, तिच्या पर्समध्ये राहू शकते.