नडगी-पोटरीचे चार कप्पे : या चुका टाळा

पहिला घोळ आपल्या मराठीचाच. तळव्यापासून मांडीपर्यंत सगळा तो 'पाय'. शरीररचनेतला 'लेग' मात्र गुडघा ते घोटा, एवढाच. सिंहगड उतरून मांड्या भरून आल्या तर त्या यात नाहीत. पोटरीत गोळा आला तर आहे.

पुण्यात मेडिकलच्या फर्स्ट इयरच्या मुलांना शिकवताना दिसतं, की व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री स्नायूंची यादी घोकतात आणि ते स्नायू ज्या कप्प्यांत बसतात त्यांच्या भिंती विसरतात. आधी आडवा छेद काढा. टिबिया (नडगीचं जाड हाड), फिब्युला (बाहेरच्या बाजूचं बारीक हाड), दोघींमधला इंटरऑसियस पडदा, फिब्युलाला चिकटलेले दोन सेप्टम (पडद्यासारख्या भिंती) आणि पोटरी दुभागणारा आडवा सेप्टम. कप्पे आपोआप पडतात : पुढचा, बाहेरचा, मागचा उथळ आणि मागचा खोल. नावांच्या भरवशावर राहू नका. पेरोनियस टर्शियस हा स्नायू नावाने बाहेरच्या कप्प्यातल्या पेरोनियस भावंडांचा, राहतो पुढच्या कप्प्यात. 'पेरोनियल' आणि 'फिब्युलर' एकच. 1998च्या अधिकृत परिभाषेत दुसरं पुढे आलं.

मार्क सगळ्यात जास्त जातात ते धमनीत. फिब्युलर धमनी बाहेरच्या कप्प्यात नसतेच. ती मागच्या खोल कप्प्यात फिब्युलाला लगटून उतरते आणि सेप्टम भेदून बाहेरच्या कप्प्यात फांद्या पाठवते. त्या कप्प्याला स्वतःची मोठी धमनी नाही.

पाऊल लोंबलं, म्हणजे वर उचलता येईना, की सगळे 'डीप फिब्युलर' नस दुखावली म्हणून मोकळे होतात. घाई नको. अंगठा आणि शेजारच्या बोटामधली त्वचा बधिर असेल तर डीप. पावलाची उरलेली वरची बाजूही बधिर आणि तळवा बाहेर वळवता येत नसेल, तर इजा वर, फिब्युलाच्या मानेपाशी (गुडघ्याखाली), कॉमन फिब्युलर या मूळ नसेला. घट्ट प्लास्टरची वरची कड नेमकी तिथेच रुतते.

आता जिवावरची चूक. टू-व्हीलरवरून पडून नडगी मोडली, पाय दगडासारखा कडक, वेदना अफाट. आणि कोणीतरी म्हणतं, 'नाडी लागतेय, ठीक आहे.' हा कंपार्टमेंट सिंड्रोम असू शकतो : बंद कप्प्यात वाढलेला दाब केशवाहिन्या आधी बंद करतो, नाडी शेवटी जाते. पायाचा अंगठा हलकेच खाली वाकवून पाहा. नडगीत कळ उठली तर पुढचा कप्पा संशयात. पाय उशांवर उंच ठेवू नका, हृदयाच्या पातळीलाच ठेवा. प्लास्टर घातलेलं असेल तर ते आणि खालचा कापूस, दोन्ही कातडीपर्यंत कापा आणि सर्जनला ताबडतोब फोन करा. रिपोर्टची वाट बघू नका.