आधी शेवटचा मुखडा गाऊन बघा

मी कीबोर्ड वाजवतो, गाण्यांचं संयोजन करतो. साठी ओलांडलेले पॉप गायक 'ऐंशीच्या दशकातली गाणी करू या' म्हणत येतात, तेव्हा वीस गाण्यांची यादी खिशात तयार असते. ती मी बाजूला ठेवायला लावतो. आधी आवाज कुठे आहे ते पाहू.

एक ताई आल्या होत्या. गाणं मूळ काळी पाचमधलं, म्हणजे त्याचा आधारसूर पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचा. "पट्टी बदलायची नाही," बसायच्या आधीच त्यांनी बजावलं. "लोक म्हणतील, बाईंचा आवाज गेला."

"नाही बदलत, ताई. फक्त सुरुवात नको, शेवटचा मुखडा गा."

त्या काळच्या पॉप गाण्यांत शेवटी मुखडा अर्धा किंवा पूर्ण स्वर वर चढवायची भारी हौस होती. ताई तिथे पोचल्या, हनुवटी वर गेली, मानेची शीर दिसायला लागली आणि 'आ'कार पसरून 'ॲ' झाला. सूर लागला होता, पण गाणं राहिलं नव्हतं. "थांब रे," त्या स्वतःच म्हणाल्या.

तर पहिली पायरी हीच. फक्त पियानो घ्या, ठेका नको. उभं राहून शेवटचा, चढलेला मुखडा सलग तीनदा म्हणा. तिसऱ्या खेपेलाही हनुवटी जागेवर राहिली, तर ती पट्टी तुमची. हे सकाळी ताज्या गळ्याने करू नका, कार्यक्रम ज्या वेळी असतो त्या वेळी करा. मग अंतऱ्यातला सगळ्यात खालचा सूर तपासा. तो नुसता पुटपुटल्यासारखा येत असेल तर फार उतरलात. दोन्ही टोकं बसत नसतील तर ते गाणं सोडा. यादीत अजून एकोणीस आहेत.

ताईंना आम्ही तीन पट्ट्या उतरवून पांढरी पाचवर आणलं. आता वादकांची गंमत. मूळ गाण्यात गिटारवाला तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर वर नेणारा चिमटा, लावून वाजवायचा. त्याने कॅपो काढला आणि तेच कॉर्ड तसेच धरले, काम झालं. खालचे सूर सांभाळणारा बास गिटारवाला मात्र अडला. त्याची धून पांढरी चारपर्यंत उतरायची, ती आता पांढरी दोनवर गेली आणि चार तारांच्या बासवर पांढरी तीनच्या खाली सूरच नाही. पाच तारांचा बास आणावा लागला. ट्रम्पेटची चमकही खाली उतरली की मंदावते, त्यामुळे ते तुकडे नव्याने लिहायचे, नुसते सरकवायचे नाहीत. पट्टी बदलणं म्हणजे कीबोर्डवरचं एक बटण दाबणं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याबरोबर मी काम करत नाही.

एक बारीक खोच. जुन्या ध्वनिमुद्रणात कधीकधी टेपचा वेग थोडा कमीजास्त केलेला असे, त्यामुळे गाणं दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी वाजतं. 'माझा सूर रेकॉर्डशी जुळत नाही' म्हणून खचू नका. आधी तुमचा पियानो तरी जुळतोय का ते बघा.

वयाबरोबर वरचे सूर आखडतात, तसं लांबवलेल्या स्वरातलं कंपनही संथ आणि रुंद होतं. त्यावर उपाय सोपा आहे, पण गायकाच्या अहंकाराला जड जातो: स्वर लवकर सोडा. मूळ चार मात्रा असेल तर अडीच मात्रा घ्या, उरलेली जागा वाद्यांना द्या. खालचा आवाज मात्र वयाने भरतो. कॅनडाची गायिका जोनी मिचेल हिने १९६९ साली नोंदवलेलं स्वतःचंच 'बोथ साइड्स नाउ' हे गाणं २००० च्या अल्बममध्ये मोठ्या वाद्यवृंदाबरोबर, खोल आवाजात, सावकाश गायलं. दोन्ही पाठोपाठ ऐका. शब्द तेच, पण आता ते जगून आलेल्या बाईचे वाटतात.

मग साजाचा प्रश्न: जुन्यासारखाच की नवा? ब्रिटिश गायक फिल कॉलिन्सने २०१० मध्ये मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची साठच्या दशकातली गाणी केली, ती जुन्यासारखीच वाजावीत म्हणून त्या काळी वाजवलेल्या वादकांनाच बोलावलं. असा ध्यास असेल तर जरूर करा. माझं मत वेगळं आहे. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांत १९८३ च्या डीएक्स ७ या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा तो काचेसारखा पियानो आणि ड्रम मशीन, दोन्ही जसंच्या तसं ठेवलं की गाण्याला जुना कोट चढतो आणि आत आजचा गायक अवघडतो. मी एकच ओळखीची खूण ठेवतो, बहुधा सुरुवातीचा तुकडा. बाकी मोकळं.

निवड करताना सगळी हिट गाणी गोळा करू नका. अमेरिकन गायक बॅरी मॅनिलोने २००६ मध्ये पन्नासच्या दशकातली गाणी केली, अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आला. मग त्याने साठ, सत्तर, ऐंशी अशी दशकं ओळीने घेतली. त्याच्याकडे नाव होतं, आपण चाळणी लावू. सोळा वर्षांच्या पोराचा हट्ट असलेलं गाणं पासष्टीला म्हणायचं, तर आठवणीसारखं म्हणता यायला हवं. ते जमत नसेल तर शब्द बदलत बसू नका. त्याला गीताच्या हक्कदारांची परवानगी लागते, आणि बदललेला शब्द प्रेक्षक लगेच पकडतात.

शेवट राहिला. रेकॉर्डवरची कितीतरी गाणी संपतच नाहीत, मुखडा फिरत फिरत विरून जातो. मंचावर कोण विरणार? ताईंच्या गाण्यात आम्ही तिसऱ्या फेरीला ड्रम काढले, चौथीला बास, आणि शेवटची ओळ त्यांनी एकट्या पियानोवर घेतली. त्या ओळीपुरता मी पियानोचा आवाज अर्ध्यावर आणला.